लीजवर सही करण्याआधी

घर, जागा आणि नगरपालिका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत रेल्वेलाइनवरच्या एका छोट्या गावात राहतो. इथल्या डाउनटाउनमध्ये, स्टेशनपासून चार मिनिटांवर, चपलांचं एक जुनं दुकान दोन वर्षं रिकामं पडलं आहे. तिथे मला हॉट टबचा व्यवसाय सुरू करायचाय. चार खोल्या, प्रत्येकीत एक टब, तासाच्या हिशेबाने भाड्याने. पंधरा वर्षं मी फिजिकल थेरपीच्या क्लिनिकमध्ये काम केलंय. कंबर धरलेल्या माणसाला गरम पाण्यात बसल्यावर किती मोकळं वाटतं, ते रोज बघत आले. माझ्या आईचं माहेर राजापूरचं. जवळच्या उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर आजीबरोबर जायची, ते ती अजून सांगते. नगरपालिकेच्या खिडकीवर विचारलं तर तिथल्या बाईंनी नियमांचं पुस्तक चाळून सांगितलं, ‘असं काही आमच्या यादीत नाही.’ घरमालक म्हणतो, यादीत नाही म्हणजे बंदीही नाही. परवानगीच्या फॉर्मवर ‘पर्सनल सर्व्हिस’ लिहा आणि याच महिन्यात पाच वर्षांच्या लीजवर सही करा, नाहीतर दुसरा भाडेकरू तयार आहे. त्यात गावच्या सभेत कुणीतरी विचारलं, ‘तासावर खोल्या कशाला हव्यात यांना?’ त्या रात्री मला झोप लागली नाही. सही करू का? आणि फॉर्मवर नेमकं काय लिहू?

उत्तर : सही करू नका. घरमालक आज पुढे करतोय त्या कागदावर तर नाहीच नाही.

त्याचं बोलणं कानाला पटतं, पण ते उलटं आहे. कायद्याने मना केलेलं नाही ते करायला हरकत नाही, असं आपण धरून चालतो. इथल्या बहुतेक गावांचे झोनिंगचे, म्हणजे गावाच्या कुठल्या भागात जागेचा कोणता वापर चालेल याचे, नियम नेमके दुसऱ्या बाजूने लिहिलेले असतात. त्या झोनमध्ये काय काय चालेल याची यादी असते आणि कुठेतरी एक छोटी ओळ असते, की यादीत नाही ते मना. तुमच्या गावच्या नियमांत ती ओळ आज रात्रीच शोधा. शेजारच्या गावात असं दुकान चालतं, याचाही आधार घेऊ नका. राज्यात साडेपाचशेहून जास्त नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीचं पुस्तक वेगळं. आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा ओक ट्री रोडच घ्या. रस्ता एकच, पण एका भागाला एडिसनचे नियम आणि आयसेलिनच्या भागाला वुडब्रिजचे.

घाईची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. नव्वदच्या दशकात मी अर्जदारांच्या बाजूने प्लॅनर म्हणून काम करायची. एका तरुण जोडप्याने स्टेशनजवळच्या दुकानाच्या लीजवर आधी सही केली आणि मग ते माझ्याकडे आले. धंदा नवा, नियमांत त्याचं नाव नाही. फॉर्मवर त्यांनी ‘इनडोअर रिक्रिएशन’ लिहिलं होतं, कारण तो शब्द यादीत होता. झोनिंग ऑफिसरने नकाशा उघडला, ती यादी दुसऱ्या झोनची निघाली आणि त्याने अर्ज फेटाळला. मग युज व्हेरिअन्स, म्हणजे यादीबाहेरच्या वापरासाठी झोनिंग बोर्डाकडून घ्यायची खास परवानगी. तीन हिअरिंग, म्हणजे सुनावण्या, झाल्या आणि तोवर रिकाम्या दुकानाचं भाडं चालूच राहिलं. शेवटच्या रात्री मतं पडली, चार बाजूने आणि तीन विरुद्ध. त्या मुलीने आनंदाने नवऱ्याचा हात घट्ट धरला. आपण हरलो, हे तिला मला सांगावं लागलं. राज्याच्या १९७५ च्या कायद्यानुसार युज व्हेरिअन्सला साधं बहुमत पुरत नाही, सात जणांच्या बोर्डातली पाच मतं बाजूने पडावी लागतात. हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. त्यानंतर मी कुठल्याही अर्जदाराशी दुसरं काही बोलण्याआधी हे सांगत आले.

त्यातलीच आणखी एक गोष्ट. बोर्डाचे पाचच सदस्य हजर असतील, तर पाचही मतं तुमची हवीत. अशा रात्री तुमच्या वकिलाने मतदान पुढच्या तारखेला मागावं. गैरहजर सदस्याने आधीच्या हिअरिंगचं रेकॉर्डिंग ऐकून तसं लिहून दिलं, तर त्यालाही मत देता येतं. बोर्ड रागावेल म्हणून लोक हे मागायला कचरतात. कचरू नका.

आता फॉर्म. ‘पर्सनल सर्व्हिस’ लिहिण्याआधी तुमच्या गावाने त्याची व्याख्या काय केली आहे ती वाचा. बहुधा न्हावी, ब्युटी पार्लर, शिंपी, ड्रायक्लीनर अशी नावं असतात आणि कधी कधी शेवटी ‘व तत्सम सेवा’ असतं. ते ‘तत्सम’ असेल तर तुमची बाजू मांडायला जागा आहे. पण बाजू मांडायची ती धंद्याचं खरं वर्णन पुढे ठेवून. झोनिंग ऑफिसरला एक पानभर पत्र लिहा: चार खोल्या, चार टब, एका टबात जास्तीत जास्त किती माणसं, आरक्षण किती वेळाचं, दुकान कधी उघडणार आणि कधी बंद होणार, एका वेळी किती कर्मचारी, मसाज नाही, दारू नाही, अठराखालच्यांना पालकांशिवाय प्रवेश नाही. सोबत हातानेच काढलेला का होईना, नकाशा जोडा. शेवटी सरळ विचारा, की या झोनमध्ये हे चालेल का, आणि चालत असेल तर नियमांतल्या कुठल्या कलमाखाली? उत्तर लेखी घ्या. खिडकीवरच्या बाईंनी मान डोलावली याला काही किंमत नाही. अपुऱ्या वर्णनावर मिळालेला परवाना तर त्याहून वाईट. टब बसल्यावर तो रद्द होऊ शकतो आणि तेव्हा तुम्ही खरं सांगितलं होतं असं म्हणायलाही काही उरत नाही.

ऑफिसर ‘नाही’ म्हणाले तर त्या निर्णयावर बोर्डाकडे अपील करायला वीस दिवस आहेत. तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा. त्या अर्जात दोन मागण्या एकत्र करता येतात. पहिली, नियमांचा अर्थ लावून द्या, म्हणजे आमचा धंदा ‘तत्सम’मध्ये बसतो असं ठरवा. दुसरी, बसत नसेल तर व्हेरिअन्स द्या. पहिल्या मागणीला साधं बहुमत पुरतं, पाच मतांची अट दुसरीलाच आहे. म्हणून क्रम हाच ठेवा. अर्ज कंपनीच्या नावाने असेल तर बोर्डापुढे वकील लागतोच, तुम्ही स्वतः कितीही छान बोलत असलात तरी.

व्हेरिअन्सवर वेळ आलीच, तर बोर्डाचे वकील एक नाव घेतील: मेडिची. साउथ प्लेनफील्डमधल्या एका मोटेलच्या अर्जावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिलेला तो निर्णय आहे. मोटेलवाल्या आपल्या कितीतरी गुजराती मित्रांना तो चांगला ठाऊक आहे. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की गावात काय चालावं हे ठरवणं नगरपालिकेचं काम आहे, बोर्डाचं नाही. म्हणून यादीबाहेरचं काही मागणाऱ्याने नेहमीपेक्षा भक्कम पुरावा द्यायचा. हीच जागा या वापराला विशेष योग्य का, हे दाखवायचं आणि गावाने हा वापर यादीत का घेतला नाही याचाही मेळ घालून द्यायचा. तुमच्यासारख्या नव्या धंद्याला इथे खरा आधार आहे. नियम लिहिल्यानंतर गाव खूप बदललं असेल, तर नाव राहून गेलं ते मुद्दाम नव्हे, असं म्हणता येतं, आणि न्यायालयाने ते मान्य केलं आहे. म्हणून गावाचा मास्टर प्लॅन, म्हणजे गाव पुढे कसं वाढावं याचा आराखडा, काढून वाचा. निदान दहा वर्षांतून एकदा त्याची फेरतपासणी करावीच लागते आणि तिचा अहवाल कुणालाही मागता येतो. त्यात ‘रिकामी दुकानं’, ‘संध्याकाळची वर्दळ’, ‘स्टेशनभोवती नवे व्यवसाय’ असे शब्द सापडले तर तुमच्या प्लॅनरने तेच बोर्डाला वाचून दाखवायचे. कुणी याआधी कौन्सिलकडे, म्हणजे नियम करणाऱ्या नगरपालिकेच्या सभेकडे, असा धंदा यादीत घ्या म्हणून गेलं होतं का, हेही विचारा. गेलं असेल आणि कौन्सिलने नकार दिला असेल, तर तो नकार तुमच्या विरुद्ध उभा राहील.

रिकाम्या दुकानांनी कौन्सिलच हैराण असेल तर मी व्हेरिअन्सच्या आधी तिकडे जाईन. नियमात दुरुस्ती करून डाउनटाउनसाठी या धंद्याचं नाव घालायला सांगायचं. वेळ लागतो, पण पाच मतांची टांगती तलवार नाही.

‘तासावर खोल्या कशाला?’ या प्रश्नाने तुम्हाला लागलं, आणि लागणारच. पंधरा वर्षं दुखऱ्या माणसांची सेवा केलेल्या बाईला हे विचारलं जावं, याचं मला वाईट वाटतं. तरी तो कुठून येतो ते समजून घ्या. बंद दार आणि तासाचं भाडं एकत्र आलं की गावांना जुने मसाज पार्लर आठवतात. कित्येक गावांच्या नियमांत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि बोर्ड तुमच्याकडे बघून निर्णय देत नाही, त्याला देता येत नाही. व्हेरिअन्स माणसाला मिळत नाही, जागेला मिळतो. उद्या तुम्ही दुकान विकलं तर तीच परवानगी पुढच्या मालकाला लागू. म्हणून ‘मी तशी बाई नाही’ हे उत्तर तिथे उपयोगी पडत नाही, अटी उपयोगी पडतात. रस्त्याच्या बाजूला उघडं, उजळलेलं रिसेप्शन. प्रत्येक आरक्षणाला नाव आणि फोन. खोलीत घंटा आणि कर्मचाऱ्याला बाहेरून उघडता येईल असं दार. उकाड्याने चक्कर आलेल्या माणसासाठी ते तसंही हवंच. दहाला दुकान बंद. या अटी तुम्हीच लिहून न्या आणि बोर्डाच्या लेखी ठरावात घाला म्हणून सांगा. मागितल्यावर दिलेली अट आणि आपणहून पुढे ठेवलेली अट यांत बोर्डाला फार फरक वाटतो. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे म्हणून सांगते.

आणि हे सगळं करूनही नकाराचं कारण तुमचं नाव किंवा रंग आहे असं वाटलं, तर ते नोंदीवर येऊ द्या. हिअरिंगमध्ये बोललेला प्रत्येक शब्द रेकॉर्ड होतो. १८८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी धोब्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात हेच सिद्ध केलं होतं. नियम सगळ्यांना एकच होता, लाकडी इमारतीतल्या लाँड्रीला परवानगी लागेल. पण दोनशे चिनी अर्ज नाकारले गेले आणि इतरांचे एक सोडून सगळे मंजूर झाले. यिक वो विरुद्ध हॉपकिन्स हा तो खटला. कागदावर निःपक्षपाती असलेला नियम भेदभावाने वापरला तर तो टिकत नाही, हे त्या धोब्यांमुळे ठरलं. बोर्डाला नकारही कारणांसकट लेखी ठरावातच द्यावा लागतो. त्याविरुद्ध कोर्टात जायला निर्णय छापून आल्यापासून पंचेचाळीस दिवस मिळतात.

आता पाणी. हा झोनिंगचा विषय नाही, पण भाडं ठरवण्याआधी तो सुटला पाहिजे. डाउनटाउनमधल्या जुन्या दुकानांखाली बहुधा तळघर असतं आणि जमीन लाकडी तुळयांवर. दुकानाच्या तळमजल्याची जमीन दर चौरस फुटाला १०० पौंड भार धरून आखतात. तीन फूट खोल पाण्याचा भारच चौरस फुटाला साधारण १८७ पौंड होतो, त्यात टब आणि माणसं धरलेलीच नाहीत. ४०० गॅलनच्या एका टबात तेहेतीसशे पौंडांहून जास्त पाणी. असे चार. म्हणून इंटिरिअरवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला तळघरात उतरवा. जमीन मजबूत करण्याचा आकडा कळल्यावर कदाचित तुम्हाला मागची, काँक्रीटच्या जमिनीची जागा जास्त आवडेल.

गिऱ्हाइकांसाठीचा टब म्हणजे सार्वजनिक स्नानाची जागा. राज्याच्या आरोग्य नियमांत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि स्थानिक आरोग्य खातं त्याची तपासणी करतं. झोनिंगचा कागद मिळायची वाट न बघता त्यांना भेटा. पाणी १०४ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४० सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. गरम पाण्यात क्लोरीन झपाट्याने उडतं, म्हणून थंड पोहण्याच्या तलावापेक्षा इथे पाणी जास्त वेळा तपासावं लागतं. ढिलाई झाली की स्यूडोमोनास जिवाणूने अंगावर पुरळ येतं आणि वाफेतून लिजिओनेला हा न्यूमोनिया आणणारा जिवाणू फुप्फुसात जातो. पाणी ओढून घेणाऱ्या तळाच्या जाळीबद्दल तर २००७ चा केंद्रीय कायदाच आहे. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात ग्रॅम २००२ साली हॉट टबच्या तळाच्या ओढीत अडकून बुडाली. तिच्या आईने पाठपुरावा केला, आणि आज सार्वजनिक टबाला त्या कायद्यात बसणारी जाळी सक्तीची आहे. तुमच्या टबविक्याकडून त्या जाळीचं प्रमाणपत्र मागा. चारांपैकी एका टबात तरी अपंग माणसाला उतरता आलं पाहिजे, आणि तुमची गिऱ्हाइकं कोण असणार ते पाहता मी म्हणेन दोन करा. टब रिकामा करताना पाणी सांडपाण्याच्या लाइनमध्ये जाईल, रस्त्याच्या कडेच्या पावसाळी जाळीत नाही. सांडपाणी खातं रोजच्या गॅलनवर जोडणीचं शुल्क लावतं, तो आकडाही आधी काढा.

घरमालकाला काय सांगायचं? लीज करू, पण ‘सर्व परवानग्या मिळून अपिलाची मुदत संपल्यावरच लागू’ या कलमासह, आणि तोवर भाडं नाही किंवा नाममात्र. अर्जावर जागेचा मालक म्हणून त्याची संमती लागतेच, तेव्हा तोही यात भागीदार आहे. हाती थोडे जास्त पैसे ठेवा. गावाचे इंजिनिअर, प्लॅनर आणि वकील तुमचा अर्ज तपासतात त्याची फी तुमच्याच अनामतीतून जाते आणि ती संपली की पुन्हा भरायला सांगतात. बहुतेक अर्जदारांना हे पहिल्या पत्रानंतर कळतं.

आईची आणि उन्हाळ्याच्या कुंडाची गोष्ट बोर्डाला जरूर सांगा. मात्र शेवटी, दोन मिनिटांत, तुमचा इंजिनिअर आणि प्लॅनर बोलून झाल्यावर. तोवर त्यांना आकडे मिळालेले असतील आणि मग ते तुमचं ऐकतील.

प्रश्न : आमच्या कॉन्डोच्या शेजारच्या जुन्या बँकेत ‘हायड्रोथेरपी’चा धंदा येतोय, असं रजिस्टर्ड पत्र आलं. आमची बेडरूम त्या भिंतीला लागून आहे. सोसायटीतल्या साठ जणांच्या सह्या गोळा करतेय. बोर्डावरच्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांना फोन करू का?

उत्तर : फोन करू नका. त्या बाईंना मग मतदानातून बाजूला व्हावं लागेल आणि कदाचित तुमच्या बाजूचंच एक मत जाईल.

सह्याही थांबवा. कागदाची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून त्याला पुरावा म्हणून वजन नसतं. साठ सह्यांपेक्षा शपथेवर बोलणारे तीन शेजारी भारी पडतात. पत्र फक्त दोनशे फुटांच्या आतल्या मालकांना जातं आणि हिअरिंगच्या निदान दहा दिवस आधी. भाडेकरूंना ते येत नाही. तुमच्या इमारतीतल्या भाडेकरूंना तुम्ही सांगा. त्यांनाही बोलता येतं.

नकाशे आणि कागद हिअरिंगच्या दहा दिवस आधी नगरपालिकेत बघायला ठेवावेच लागतात. एक सकाळ काढून जा. पंप कुठल्या भिंतीला आहेत ते पाहा. दमट, क्लोरीनच्या वासाची हवा बाहेर फेकणारा पंखा कुणाच्या खिडकीकडे तोंड करून आहे ते पाहा. रात्री दहा ते सकाळी सात, राहत्या जागेच्या हद्दीवर व्यावसायिक आवाजाची राज्याची मर्यादा ५० डेसिबल आहे. अर्जदाराच्या इंजिनिअरला विचारा, सगळे पंप एकदम चालू असताना तुमच्या भिंतीशी किती? आकडा नसेल तर तो आणेपर्यंत हिअरिंग पुढे न्या असं सुचवा. क्लोरीन आणि आम्ल कुठे ठेवणार, वेगवेगळ्या कपाटांत का, हे विचारा. दोन्ही एकत्र सांडली तर विषारी वायू तयार होतो आणि तुमची भिंत सामाईक आहे.

‘कसली माणसं येतील’ हा प्रश्न मात्र विचारू नका. त्याने बोर्डाला काही ठरवता येत नाही आणि समोर बसलेल्या माणसाला ते लागतं. याच पानावर वरचं पत्र वाचा. तुम्हाला शांत भिंत, कोरडी भिंत आणि दहाला बंद होणारं दुकान हवंय. तेवढं मागा, आणि ते ठरावात अट म्हणून लिहिलं जाईपर्यंत खुर्ची सोडू नका.

प्रश्न : आमच्या घरामागच्या अंगणात हॉट टब आहे. ॲपवरून तो तासाने भाड्याने देता येईल का? शेजारी काही म्हणत नाहीत.

उत्तर : पैसे घेऊन अनोळखी माणसांना टब दिला की तो घरचा टब राहत नाही. राहत्या झोनमध्ये नगरपालिका त्याला धंदा म्हणेल, आणि घरातून चालवायच्या व्यवसायाच्या नियमात हा बसायची शक्यता फार कमी. घराच्या विम्याचा कागद काढून वाचा, गिऱ्हाइकाला झालेली इजा त्यात बहुधा वगळलेली असते. आधी आरोग्य खात्याला लेखी विचारा, मग झोनिंग ऑफिसरला. दोघांचं उत्तर येईपर्यंत ॲपवरची जाहिरात काढून ठेवा.